पाटी शाळेची, करारनामा कोणाचा?

इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी जपानात जाऊ पाहणाऱ्या पदवीधरापुढे बहुधा एकच प्रश्न उभा केला जातो: शाळा पत्करावी की कंपन्यांच्या कचेऱ्या? त्याचे उत्तरही सोबत तयारच असते. शाळा म्हणजे स्थैर्य, रजा आणि प्रतिष्ठा. कंपनी म्हणजे पैसा, प्रौढ विद्यार्थी आणि थोडी अनिश्चितता. ही विभागणी दिसावयास सुबक असली तरी तेथील प्रत्यक्ष व्यवहाराशी तिचा मेळ बसत नाही. कारण सरकारी शाळेच्या फळ्यापाशी उभा असलेला परदेशी मनुष्य आणि कारखान्यातील बैठकीच्या खोलीत अभियंत्यांकडून संभाषणाचा सराव करून घेणारा परदेशी मनुष्य हे दोघेही पुष्कळदा एकाच जातीच्या मध्यस्थ कंपनीचे चाकर असतात, आणि त्यांच्या सुखदुःखाचा निर्णय वर्गात कोण बसले आहे यावरून होत नसून करारनाम्यावर सही कोणाची आहे यावरून होत असतो.

सर्वांत दृढमूल गैरसमज असा की, सरकारी शाळेत शिकवणारा तो सरकारी नोकर. या समजुतीचे मूळ ‘जेट’ या सरकारी योजनेत आहे. १९८७ साली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतील ८४८ तरुणांना घेऊन ही योजना सुरू झाली. तीत नेमणूक स्थानिक शासनसंस्थेकडून होते, वेतन ठरलेले असते (२०२५ पासून पहिल्या वर्षाला सुमारे ४० लाख २० हजार येन), आणि मुदत वर्षावर्षाने वाढत जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत जाते. योजनेची कीर्ती एवढी, की तिच्या अटी सर्वच शालेय नोकऱ्यांना लागू आहेत असे लोक गृहीत धरून चालतात. वस्तुतः साहाय्यक भाषाशिक्षक, म्हणजे ज्याला तेथे सर्रास ‘एएलटी’ म्हणतात तो, आणखी दोन वाटांनी शाळेत येतो: काही ठिकाणी शिक्षण मंडळ त्याला परस्पर नेमते, आणि पुष्कळ ठिकाणी ते एखाद्या खासगी कंपनीला कंत्राट देऊन मोकळे होते.

या कंत्राटाचेही दोन प्रकार आहेत. ‘हाकेन’ प्रकारात कंपनी मनुष्य पुरवते आणि त्याला काम सांगण्याचा अधिकार शाळेला असतो. ‘ग्योमु इताकु’ प्रकारात कंपनी मनुष्य पुरवत नाही, तर काम पार पाडून देण्याची हमी घेते. सबब त्या मनुष्याला थेट हुकूम देण्याचा अधिकार शाळेला उरत नाही, आणि तसा तो दिल्यास तो बेकायदा, बनावट कंत्राटाचा प्रकार ठरतो. याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते पाहण्यासारखे आहे. पाचवीच्या वर्गात मुले कंटाळली आहेत, शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकेला वाटते की हा खेळ थांबवून उच्चारांचा सराव घ्यावा. परंतु कायदा काटेकोरपणे पाळावयाचा तर तिने तसे त्या साहाय्यकाला सांगू नये, कंपनीच्या समन्वयकाला कळवावे, आणि समन्वयकाने ते साहाय्यकाला कळवावे. तोवर घंटा झालेली असते! लोक अर्थातच डोळ्यांच्या खुणांनी निभावून नेतात. पण आपण शाळेचे आहोत या भावनेला अशा करारात कागदोपत्री कोणताच आधार नसतो, हे अर्जदाराने आधीच ओळखलेले बरे. अशा काही करारांत शाळेला सुटी असलेल्या महिन्यांचे वेतन कापलेले असते. शाळेची रजा ती आपली पगारी रजा, हा हिशेब तेथे चुकतो.

शाळेत गेल्यावर आपण शिक्षक होऊ, हाही एक भ्रम. जपानी सरकारी शाळेत अध्यापनाची सनद लागते, आणि साहाय्यकापाशी ती बहुधा नसते. म्हणून वर्गाची आणि गुणांकनाची जबाबदारी सनदधारी जपानी शिक्षकाकडेच राहते. २०२० च्या शैक्षणिक वर्षापासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीत त्याची तोंडओळख सुरू झाली, त्यामुळे साहाय्यकांचे काम वाढले. त्यांचा दर्जा मात्र पूर्वीचाच राहिला. ज्याला अभ्यासक्रम आखावयाची हौस आहे त्याचा येथे विरस होईल. ज्याला मुलांमध्ये रमावयाचे आहे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी न्यावयाचे नाहीत, त्याला हेच सुख वाटेल.

आता कंपन्यांकडे वळू. ‘तेथे पैसा अधिक’ हे विधान तासाच्या दरापुरते बहुधा खरे आणि वर्षाच्या जमेपुरते पुष्कळदा खोटे ठरते. कंपनीतील शिकवणी ‘कोमा’ने, म्हणजे तासिकेने मोजली जाते, आणि ती लोकांच्या कामाच्या वेळेबाहेर, सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी किंवा सायंकाळी ती मिटल्यावर पडते. मधला दिवस रिकामा. एका तासिकेसाठी आगगाडीने तास-तास जावे लागते, आणि त्या प्रवासाचे भाडे मिळाले तरी वेळेचे मोल मिळत नाही. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होते, बढत्या-बदल्या होतात, प्रशिक्षणाचा खर्च मंजूर होतो किंवा त्यावर काट मारली जाते. मेच्या आरंभीची सुटी, ऑगस्ट आणि वर्षअखेर या काळात वर्ग भरत नाहीत, आणि तासिकेवर जगणाऱ्याला त्या आठवड्यांचा दाम नाही. आणखी बिकट प्रकार असा की, काही मध्यस्थ या शिक्षकाला नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून लिहून घेतात. मग सहा महिन्यांच्या नोकरीनंतर नोकराला कायद्याने मिळणारी दहा दिवसांची पगारी रजाही त्याच्या वाट्यास येत नाही.

प्रौढ विद्यार्थी म्हणजे जिज्ञासू विद्यार्थी, असेही मानले जाते. राकुतेन कंपनीने २०१० मध्ये इंग्रजी ही कामकाजाची भाषा करण्याचे जाहीर केले आणि २०१२ मध्ये ते अंमलात आणले, तेव्हापासून या समजुतीला भर आला असावा. पण वर्गात बसलेल्यांपैकी कित्येकांना भाषा नको असते, टोइकचे गुण हवे असतात. १९७९ मध्ये जपानातच सुरू झालेली ही परीक्षा १० ते ९९० या मापात श्रवण आणि वाचन मोजते, आणि अनेक कंपन्या बढतीसाठी तिचा आकडा पाहतात. संभाषणाची तयारी करून आलेल्या शिक्षकासमोर दिवसभराच्या कामाने पेंगुळलेले चार अभियंते बसलेले असतात, आणि त्यांचे लक्ष उत्तरपत्रिकेच्या वर्तुळांवर असते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रेल्वे स्थानकांजवळची इंग्रजी संभाषणाची खासगी वर्गकेंद्रे, ज्यांना ‘एइकाइवा’ म्हणतात, ती ना शाळा ना कंपनीतील शिकवणी. आणि ‘मोठे नाव म्हणजे सुरक्षित नोकरी’ या विश्वासाचा सर्वांत मोठा पराभव तेथेच झाला. या क्षेत्रातली सर्वांत मोठी संस्था असलेली नोव्हा ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब परवान्याची आहे, आणि गंमत अशी की तिचाच उच्चार सर्वांत कमी होतो. सरकारी शाळेतील साहाय्यकाला ‘शिक्षण’ या वर्गातील निवासपरवाना लागतो, आणि भाषा शिकवणाऱ्यास त्यासाठी ती भाषा ज्याचे माध्यम आहे असे किमान १२ वर्षांचे शिक्षण दाखवावे लागते. मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे इंग्रजी साहित्यात प्रथम वर्गात एम. ए. झालेला अर्जदार या अटीपाशी अडू शकतो. खासगी वर्गकेंद्रे आणि कंपन्यांतील शिकवणी यांसाठीचा परवाना निराळ्या वर्गात मोडतो. तेथे बहुधा पदवी लागते, पण १२ वर्षांच्या माध्यमाची ही अट नाही. तेव्हा शाळेच्या नोकरीत सायंकाळी कंपनीच्या तासिका घेऊन भर घालू, असा बेत असेल तर त्यासाठी स्वतंत्र अनुज्ञा घ्यावी लागते. ती न घेता शिकवणे हा परवान्याचा भंग होय.

राहता राहिला विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न. ‘आठवड्याला साडेएकोणतीस तासांचा करार असला की कंपनीला सामाजिक विमा भरावा लागत नाही’ ही जुनी माहिती अजून तोंडोतोंडी फिरते. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत आठवड्याला २० तासांपासून, दरमहा वेतन ८८ हजार येन किंवा त्याहून अधिक असल्यास, नोकराला या विम्यात घ्यावे लागते. म्हणून मुलाखतीत तासांच्या जोडीने नोकरांची संख्याही विचारावी. कापली गेलेली निवृत्तिवेतनाची वर्गणी मायदेशी परत येताना ‘बुडालीच’ असे समजून सोडणारे पुष्कळ आहेत. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केल्यास तिचा काही भाग एकरकमी मिळतो. मात्र भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अंमलात आहे, आणि त्याखाली दोन्ही देशांतील नोकरीची वर्षे निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. एकरकमी रक्कम उचलली की ती जपानातील वर्षे या बेरजेतून कायमची वजा होतात.