हृदय दुरुस्त झाले, मूत्रपिंडांचे काय?

‘‘डॉक्टर, हृदयाचे छिद्र बुजवले, आता काळजी नाही ना?’’ शस्त्रक्रियेहून परतलेल्या बाळाचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. काही वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत मी निःशंकपणे ‘‘नाही’’ म्हणालो. डिस्चार्ज कार्डावरील क्रिएटिनिनचा आकडा माझ्या नजरेतून सुटला होता. महिन्याभरात ती ताप व जुलाब घेऊन आली. घरी आयबुप्रोफेनचे डोस झाले होते आणि लघवी जवळजवळ थांबली होती. सुदैवाने ती बरी झाली. धडा मला मिळाला.

अशा शस्त्रक्रियेत बहुधा रक्ताभिसरण काही काळ हृदय-फुफ्फुस यंत्रावर सोपवावे लागते. त्या काळात मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटू शकतो, तांबड्या पेशी फुटतात, शरीरात दाह उसळतो. तान्ही बाळे, गुंतागुंतीचे दोष आणि यंत्रावरील दीर्घ वेळ यांमुळे धोका वाढतो.

ही इजा मुकी असते. सिनसिनाटी येथील ७१ मुलांचा अभ्यास २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील २० मुलांना इजा झाली. क्रिएटिनिनवरून ती १ ते ३ दिवसांनी कळली, तर लघवीतील ‘एनगाल’ हे प्रथिन २ तासांतच वाढले होते. ही चाचणी सर्वत्र होत नाही. म्हणून क्रिएटिनिनच डोळसपणे वाचावे. ०.३ वरून ०.६ मिलिग्रॅम झालेला आकडा प्रौढांच्या मर्यादेत ‘नॉर्मल’ दिसतो; बाळाच्या दृष्टीने तो दुप्पट असतो. लघवीचे मोजमापही तितकेच मोलाचे. १० किलोच्या बाळाला सलग सहा तास ताशी ५ मिलिलीटरहून कमी लघवी झाली, तर ती धोक्याची सूचना होय.

ही इजा हमखास भरून काढणारे औषध नाही. रक्तदाब सांभाळणे, द्रवांचा काटेकोर हिशेब ठेवणे, मूत्रपिंडांना घातक औषधे टाळणे आणि गरज पडल्यास पोटातून डायलिसिस करणे, हेच उपचार.

घरी परतल्यानंतरची जबाबदारी आपणा फॅमिली डॉक्टरांची. इजा झालेल्या मुलाचा रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तीन महिन्यांनी अवश्य तपासावीत. पालकांनी डिस्चार्ज कार्ड प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. जुलाब-उलट्यांत विलंब करू नये. वेदनाशामक औषध स्वतःहून देऊ नये.

आता तोच प्रश्न आला, की मी आधी कार्ड मागतो आणि मगच उत्तर देतो.