दंडाची पावती

सकाळी 6.30. डहाणू रोड स्टेशनबाहेरचा पहिला चहा. शेजारी टेम्पोत घोलवड-बोर्डीचा चिकू चढतोय. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी इथे वाड्या लावल्या. वाडी कोणाची, हे खरेदीखत, फेरफार, सातबारा सांगतात. माझं वनहक्क दाव्यांचं काम मात्र ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही त्यांच्यासाठी असतं.

8.15. शेअर जीपने तलासरीच्या बाजूचा एक वारली पाडा. आजोबा पत्र्याची पेटी उघडतात. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत वनखात्याची जुनी पावती, अतिक्रमणाच्या दंडाची.

"ही टाकून देणार होतो," आजोबा म्हणतात.

"हीच तर कामाची, बाबा."

2006 च्या वनहक्क कायद्यासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. ज्या तारखेला दंड झाला, त्या तारखेला माणूस जमिनीवर होता, हे खात्यानेच लिहून दिलंय.

10.00. आजोबांच्या प्लॉटवर. मोबाइलमधलं जीपीएस चालू करून कडेकडेने चालते. बांध, खाचरं, विहीर, वाघोबाचा दगड, सगळ्यांचे फोटो. हे सारं पुरावा म्हणून चालतं. हक्क मिळतो जास्तीत जास्त 4 हेक्टरचा.

1.00. नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. जेवता जेवता अमेरिकेची गोष्ट सांगते. 1862 च्या कायद्याने तिथे नव्या वसाहतकऱ्याला 160 एकर मिळत. पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, मग दोन साक्षीदारांनी घर, विहीर, नांगरलेले एकर सांगायचे. ते कागद वॉशिंग्टनच्या सरकारी अभिलेखागारात आजही जपलेत.

"आधी तिथं कोण राहत होतं?" आजोबा विचारतात.

"तिथले मूळचे लोक. त्या अर्जात त्यांना रकाना नव्हता."

तिथल्या वसाहतकऱ्याला आपण येऊन पाच वर्षं जमीन कसली हे दाखवायचं होतं. आजोबांना आपण आधीपासून आहोत हे दाखवायचंय.

2.30. शेजारच्या म्हातारीचा जबाब. कायदा ज्येष्ठांचं सांगणं लेखी घ्यायला परवानगी देतो. तिला साल सांगता येत नाही. "झरीची सभा झाली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात यांच्या बापाने हा तुकडा काढला. आई सांगायची." झरीची सभा म्हणजे मे 1945, वेठबिगारीविरुद्धची, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेची. मी साल कंसात लिहिते, तिचे शब्द तसेच ठेवते. खाली अंगठा.

5.00. डहाणूत झेरॉक्स. एका जुन्या उताऱ्यावर तालुका 'उंबरगाव' दिसतो. चूक नाही ती, 1960 पर्यंत तलासरीकडची ही गावं त्याच तालुक्यात होती. चिठ्ठी लावून ठेवते, नाहीतर पुढचा वाचणारा अडेल.

8.00. फाइल बांधली. आता वनहक्क समिती, ग्रामसभा, मग प्रांताकडची उपविभागीय समिती.

एका पुराव्यावर दावा उभा राहत नाही, किमान दोन लागतात. तेव्हा घरात दंडाची जुनी पावती असेल तर लाजून फेकू नका. शाई उडायच्या आत झेरॉक्स काढा.