चालत राहण्याचें बळ



देवावर भरंवसा ठेवणाऱ्यास नवें बळ येतें, असें ख्रिस्ती धर्म सांगतो. हें बळ म्हणजे नेमकें काय व तें ओळखावें कसें, याविषयीं आज मी बोलणार आहें. मी स्वतः ख्रिस्ती नाहीं. आमचें घराणें वारकरी. या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें धुळ्याच्या शाळेंत माझ्याबरोबर गणित शिकविणाऱ्या एका ख्रिस्ती शिक्षकांमुळें. त्यांचा हाताशीं आलेला मुलगा तापानें गेला. पांचव्या दिवशीं ते वर्गावर आले, हजेरी घेतली आणि त्रैराशिक शिकवूं लागले. त्या सायंकाळीं पांझरेच्या कांठीं मीं त्यांना विचारलें, "सर, एवढें बळ आणलेंत कोठून?" ते म्हणाले, "एवढें कोठें आहे, मास्तर? आज शाळेंत येण्यापुरतें मागितलें होतें, तेवढें मिळालें." तेव्हां मला तें उत्तर केवळ विनयाचें वाटलें. त्याचा अर्थ शोधण्याची पाळी आली ती गेल्या पावसाळ्यांत, माझी पत्नी वारल्यावर.

या बाबतींत ख्रिस्ती लोक ज्या वचनाचा आधार घेतात, तें बायबलाच्या जुन्या करारांत, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या राजानें यरुशलेम नगर व तेथील मंदिर उद्ध्वस्त केलें आणि यहूदी लोकांना धरून नेलें. परमुलखांत एक पिढी सरली. देवाला आपली आठवण उरलेली नाहीं, असें त्या लोकांना वाटूं लागलें. हें वचन अशा खचलेल्या माणसांना उद्देशून आहे. सुखवस्तूंना दिलेला तो आशीर्वाद नव्हे, हें आधीं ध्यानांत घ्यावें.

त्यांत बळ 'नवें होण्या'साठीं जें हिब्रू क्रियापद योजिलें आहे, तेंच उत्पत्तीच्या पुस्तकांत योसेफाच्या कथेंत आढळतें. तुरुंगांतून काढून राजापुढें नेण्यापूर्वीं योसेफ वस्त्रें बदलतो, तेथें तें आलें आहे. म्हणजे आपल्याच उरल्यासुरल्या शक्तीला ठिगळ लावणें असा त्याचा भाव नाहीं. जीर्ण झालेलें उतरून ठेवावें आणि दुसऱ्यानें दिलेलें अंगावर घ्यावें, असा आहे. पुढें तीन चित्रें येतात: गरुडाचें उड्डाण, मग धांवणें, मग चालणें. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानें निबंधांत असा उतरता क्रम लाविला असता, तर मीं तांबड्या शाईनें तो उलटा करून दिला असता! परंतु आमच्या गणिताच्या शिक्षकांचें म्हणणें असें, कीं उडण्याचे प्रसंग आयुष्यांत थोडे, धांवण्याचेहि मोजकेच. चालावें मात्र रोज लागतें, आणि माणूस मोडतो तो तेथेंच. म्हणून सर्वांत मोठें आश्वासन शेवटीं ठेविलें आहे.

'देवाची वाट पाहणें' या शब्दांनींहि गैरसमज होतो. हात जोडून स्वस्थ बसणें असा त्याचा अर्थ आपण करतों. आपल्या खानदेशांतला कोरडवाहू शेतकरी पावसापूर्वींच धूळपेरणी करतो. ढगाचा पत्ता नसतांना तो घरांतलें चांगलें बियाणें कोरड्या मातींत घालतो. तोहि वाटच पाहत असतो. पण त्याची वाट पाहणें पेरून झाल्यावरचें असतें, आणि त्यांत बियाणें जाण्याची धास्तीहि असते.

पुस्तकांतला हा अर्थ माणसाच्या आयुष्यांत पाहावयाचा, तर मराठींत लक्ष्मीबाई टिळकांइतकें प्रांजळ उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं. त्यांच्या घराचा आपल्या भागाशीं ऋणानुबंध आहे. जळगांवीं १९०७ सालीं कविसंमेलन भरलें. त्यांत धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलास 'बालकवि' ही पदवी मिळाली. संमेलनास आलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्याच्यावर लोभ जडला, आणि पुढें तो नगरास त्यांच्या घरीं राहिला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळा अशी त्यांना नव्हतीच. लिहावयावाचावयास पतीनें शिकविलें. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां या बाईंवर आभाळ कोसळलें. लहानग्या मुलाला घेऊन त्या पंढरपुरास राहिल्या. कित्येक दिवस दुःखानें त्यांचें मन ठिकाणावर नव्हतें. पुढें पतीजवळ राहावयास आल्यावरहि त्यांनीं आपलें पाणी व चूल निराळीच ठेविली. जातिभेद देवानें केलेला नाहीं, हें त्यांना कोणी वादांत जिंकून पटविलें नाहीं. त्यांची त्यांनाच हळूहळू खात्री झाली, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. यांत गरुडाचें उड्डाण कोठेंच नाहीं. एकेक पाऊल आहे, तेंहि पुष्कळदां मागें घेऊन पुन्हां टाकलेलें.

१९१८ च्या मे महिन्यांत बालकवि भादली स्थानकाजवळ रेल्वेखालीं सांपडून गेले. पुढच्याच वर्षीं, ९ मे १९१९ रोजीं, टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हां पन्नाशी ओलांडलेल्या. टिळकांनीं येशूचें चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प करून 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतलें होतें. त्याचे आरंभींचे अध्याय तेवढे झाले होते. शाळा न पाहिलेल्या या विधवेनें तें काम उचललें आणि तब्बल ६४ अध्याय रचून ग्रंथ पुरा केला. 'स्मृतिचित्रें'हि त्यांनीं याच उत्तरवयांत लिहिलीं. तीं १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्या पुस्तकांत रडण्याजोग्या हकिकती त्या हंसत सांगतात. मला स्वतःला त्यांच्या भरंवशाची खूण ओव्यांपेक्षां या हंसण्यांत अधिक दिसते. ख्रिस्ती स्नेह्यांना हें मत कदाचित् रुचणार नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं ही मनाची समजूत नव्हे कशावरून? मीहि विचारलें होतें. ख्रिस्ती धर्मग्रंथ या प्रश्नाला भीत नाहीं, एवढें मला दिसलें. संत पौलाच्या देहाला एक शूळ होता. तो निघावा म्हणून त्यानें तीनदां प्रार्थना केली. तो निघाला नाहीं. देवाची कृपा पुरेशी आहे, एवढेंच उत्तर मिळालें. खुद्द येशूनें वधस्तंभावर देवाला विचारलें, कीं तूं मला कां सोडलेंस! तेव्हां दुःख टळेल असें वचन येथें नाहीं. दुःख असतांना पाऊल पडेल, एवढेंच आहे. तें समजुतीनें पडतें कीं कृपेनें, याचा निकाल लावण्याइतकी माझी विद्या नाहीं.

पत्नी गेल्यावर महिनाभर मी घराबाहेर पडलों नाहीं. चहा सुद्धां शेजारचीं मुलें आणून देत. धुळ्याचे ते शिक्षक आतां नवापुराकडे राहतात. त्यांना पत्र लिहिलें. वाटलें, उत्तरांत वचनें असतील. एकहि नव्हतें. "सोमवारच्या गाडीनें येतों," एवढीच ओळ होती. ते आले, आठ दिवस राहिले. रोज सकाळीं दाराशीं उभे राहून, "मास्तर, चपला घाला," म्हणत, आणि मला मेहरूणच्या तळ्यापर्यंत चालवीत नेत. पहिल्या दिवशीं मी अर्ध्या वाटेवरून परतलों. ते कांहीं बोलले नाहींत, तेहि परतले.