लहान मुलांना घरी ठेवू नका, सोबत न्या!



गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाला, उसाचे बिल बँकेत जमा झाले, की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणी पंढरपूर-तुळजापूर करतो, कुणी मुंबईला भावाकडे नाहीतर लेकीकडे चार दिवस राहून येतो. पण बेत ठरताना एक वाक्य हमखास कानावर येते : "पोरं राहू द्या आजीपाशी. त्यांना काय कळतंय?"

या वाक्याची थोडी झडती घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांचे कुणी ना कुणी मुंबईच्या उपनगरात आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गटातील चार कुटुंबांबरोबर आम्ही मालाडला जाऊन आलो. बरोबर तीन ते नऊ वर्षांची सात मुले होती. निघताना घरच्या वडीलधाऱ्यांनी "कशाला ही ब्याद!" असे बजावलेही. पण मुलांनी चार दिवसांत काय मिळवले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अकरा स्टेशने, अकरा धडे

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धिमी लोकल धरली, की मालाड अकरावे स्टेशन. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव आणि मालाड. या मार्गावर १८६७ साली विरारहून पहिली उपनगरी गाडी धावली आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. मोठ्या मुलांना एवढे सांगितले, आणि लहानांना फक्त एकच काम दिले : स्टेशने मोजा आणि फलक वाचा.

या खेळातच एक गोष्ट उघड झाली. आठ वर्षांचा एक मुलगा फलक येऊन गेला तरी गप्पच. शाळेत त्याच्याविषयी "लक्ष देत नाही" अशी तक्रार होती. त्याच्यापेक्षा धाकटी बहीण भराभर वाचते आणि हा नुसता डोळे बारीक करतो, हे वडिलांच्या ध्यानात आले. मालाडला पाहुण्यांनी दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा चष्म्याचा नंबर निघाला. पोरगा मंद नव्हता, त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते! वडील आम्हाला म्हणाले, "साहेब, हंगामात मी तोडीच्या मागं, नाहीतर रात्रीच्या लायटीवर पाणी धरायला. पोराचं तोंड बघायचो ते झोपलेलं. त्याला लांबचं दिसत नाही हे मला कधी कळणार होतं?"

प्रवासाचा पहिला फायदा हाच. मुलाला जग दिसते हे खरे, पण त्याआधी बापाला मूल दिसते.

समुद्राचा पाट कुणी बंद केला?

मालाडहून बसने मार्वेला गेलो. तेथून खाडीपलीकडे मनोरीला बोट जाते. पहिल्या दिवशी पाणी वरपर्यंत आले होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेळ बदलून गेलो, तर खाली चिखल उघडा पडलेला. सहा वर्षांची एक मुलगी गंभीरपणे विचारती झाली, "काल इथं पाणी होतं. आज पाट कुणी बंद केला?"

आपल्या मुलांना पाण्याचे आवर्तन ठाऊक, पण ते कालव्याचे. मग भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे सांगायला निमित्त मिळाले. पुस्तकातले पान पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते चिखलाकडे पाहून शिरले.

मढच्या कोळीवाड्यात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील पाहून मुलांनी आधी नाके दाबली. मग एका कोळी आजींनी त्यांना जवळ बोलावून मासळी कशी वाळवतात ते दाखवले. आपल्याकडे गुऱ्हाळात रस आटवून गूळ टिकवतात, इकडे उन्हात मासळी वाळवून टिकवतात. कष्टाची जात एकच. मढचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३९ च्या वसई मोहिमेच्या सुमारास तो मराठ्यांकडे आला. किल्ला लष्करी ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहावा लागतो. आजोबा मंडळींना मात्र १९३४ साली मालाडला हिमांशु राय आणि देविका राणी यांनी उभारलेल्या बॉम्बे टॉकीजच्या आठवणीतच जास्त रस!

"आठवणार थोडंच आहे?"

तीन वर्षांच्या आतल्या आठवणी मोठेपणी सहसा राहत नाहीत, हे मानसशास्त्रही सांगते. म्हणून खर्च वाया गेला म्हणायचे का? अहो, पहिल्या वर्षी पाजलेले दूध तरी कुणाला आठवते? पण अंगाला लागतेच ना! तसेच हे. नवे शब्द, नवी माणसे, अनोळखी घरी पुढ्यात येईल ते खाणे, रांगेत थांबणे, या गोष्टी अंगी लागतात.

याच रेल्वेमार्गावर उत्तरेला बोर्डी-कोसबाड आहे. तेथे पद्मभूषण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या शिक्षणात आयुष्य घालवले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी 'कुरणशाळा' काढली. मूल जेथे आहे तेथेच शिकते, भिंती लागत नाहीत, हे त्यांनी करून दाखवले.

खर्च आणि काळजी

रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा न घेतल्यास तिकीट नाही. आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, न घेतल्यास अर्धे. एस. टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे आहे.

लोकलचा प्रवास सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मुळीच करू नये. मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक ध्यानात असू द्यावेत. आणि अक्सा किनाऱ्यावर मुलांना पाण्यात उतरवू नये. तेथे बुडून अनेकांचे प्राण गेले आहेत. विहिरीत पोहता येणे वेगळे, समुद्राची ओढ वेगळी.

जुलाब लागल्यास जलसंजीवनीची पुडी द्यावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि डॉक्टर गाठावा. माप मात्र चुकवू नये. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. साखरेमुळे आतड्यात मीठ आणि पाणी शोषले जाते. आपण पिकवतो त्या मालाचा हा गुण प्रत्येक सभासदाला माहीत हवा!

आणखी एक प्रवास

एवढे लिहिल्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवास करणारी मुले दर हंगामात आपल्याच कारखान्यावर येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून ती येतात. पण तो प्रवास त्यांना शाळेपासून दूर नेतो. त्यांनी वाटेत काय पाहिले, हे त्यांना कुणी विचारत नाही. मुलाला नुसते हलवल्याने प्रवास होत नाही. त्याच्याशी बोलणारे माणूस आणि परत आल्यावर उघडी असलेली शाळा, ही दोन्ही हवीत.

म्हणून सभासदांना आमची विनंती दुहेरी आहे. पुढच्या सुट्टीत आपले मूल घरी ठेवू नका, बोट धरून न्या. आणि पुढच्या हंगामात आपल्या फडात टोळी उतरली, की तिच्यातली मुले साखरशाळेत किंवा गावच्या शाळेत जातात की नाही, तेवढे स्वतः जाऊन विचारा. दोन्हींना फार पैसा लागत नाही. थोडा वेळ लागतो, इतकेच.