कुणगा मोजताना

रत्नागिरीच्या आसपास डोंगरउतारावरचे भाताचे कुणगे नीट पाहा. चारही कोपरे काटकोनात असलेला कुणगा विरळाच. वरचा आणि खालचा बांध साधारण समांतर, पण लांबीला कमी-जास्त. बाजूचे दोन तिरपे. भूमितीत या आकृतीला समलंब चौकोन म्हणतात.

समजा, खालचा बांध ३० मीटर, वरचा १८ मीटर आणि तिरपे बांध प्रत्येकी १० मीटर आहेत. भोवती जांभ्या दगडाचा गडगा घालायचा, तर चारही बाजूंची बेरीज करावी : ६८ मीटर. ही झाली परिमिती.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र भलेभले फसतात. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्यांचा गुणाकार करायचा, ही रीत फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्येही ती वापरत. आपल्या उदाहरणात २४ × १० = २४० चौरस मीटर. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच अशा क्षेत्रफळाला 'स्थूल' म्हटले होते. आयत सोडला, तर ही रीत प्रत्येक चौकोनाचे क्षेत्रफळ वाढवूनच सांगते. म्हणजे जमीन विकणारा खूश आणि घेणारा खड्ड्यात!

तिरपा बांध ही उंची नव्हे. समांतर बांधांमधले लंब अंतर हवे. ते असे काढा : एक तिरपा बांध, त्याचा कल न बदलता, मनातल्या मनात सरकवत न्या, त्याचे वरचे टोक दुसऱ्या तिरप्या बांधाच्या वरच्या टोकाला भिडेपर्यंत. आता १०, १० आणि ३० - १८ = १२ मीटर बाजूंचा त्रिकोण मिळेल. त्याच्या निम्म्या पायाचा वर्ग ३६. १०० मधून ३६ गेले, उरले ६४. म्हणून उंची ८ मीटर. क्षेत्रफळ २४ × ८ = १९२ चौरस मीटर. फरक ४८ चौरस मीटरचा. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा नुसता कागदावर!

समांतर बाजूंची सरासरी मात्र का चालते? आपस्तंब शुल्बसूत्रात यज्ञाच्या महावेदीचे माप आहे : समांतर बाजू २४ व ३० पदे, लंब अंतर ३६ पदे. एका कडेचा त्रिकोण कापून, उलटा करून, दुसऱ्या कडेला जोडला की २७ × ३६ चा आयत तयार होतो. क्षेत्रफळ ९७२. पुठ्ठा कापून हे स्वतः करून पाहा.

तिरपे बांध सारखे नसले तरी युक्ती तीच. समांतर बांध ३४ व २० मीटर, तिरपे १३ व १५ मीटर घ्या. उंची १२ मीटर येते का, ते ताडून पाहा.