'सुधारणा' म्हणजे नेमकं काय? राजनैतिक स्रोत वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: प्राथमिक स्रोत म्हणजे खरा स्रोत का? चीनचं उदाहरण घेऊन बघू.

विजय गोखले हे आपले माजी परराष्ट्र सचिव. 1989 मध्ये ते तरुण अधिकारी म्हणून बीजिंगच्या भारतीय दूतावासात होते. तिआनानमेन चौकातल्या आंदोलनाचा काळ त्यांनी जवळून पाहिला, पण त्यावरचं पुस्तक आलं 2021 मध्ये. रीडिंग एकदा घेतलं आणि निष्कर्ष 32 वर्षांनी लिहिला, असा हा प्रकार. पुस्तक मोलाचं आहेच, फक्त या दोन तारखा वहीत वेगवेगळ्या लिहा.

खरी गंमत शब्दात आहे. डिसेंबर 1978 पासून चीनमध्ये 'सुधारणा' सुरू झाल्या. त्यातली शेतीतली सुधारणा भंडाऱ्याच्या धानवाल्याला लगेच कळेल. जमीन गावाच्या सामूहिक मालकीचीच, पण कसायला एकेका कुटुंबाकडे. ठरलेला कोटा सरकारला द्यायचा, उरलेलं बाजारात विकायचं. पण मार्च 1979 मध्येच डेंग झियाओपिंग यांनी चार मूलभूत तत्त्वं सांगून टाकली होती. त्यात पक्षाचं नेतृत्व होतं, म्हणजे तिथे हात लावायचा नाही.

1987 च्या पक्ष अधिवेशनात झाओ झियांग यांनी 'राजकीय सुधारणा' मांडल्या. त्यातला मुख्य मुद्दा होता पक्षाचं आणि सरकारचं काम वेगळं करणं. अनेक पक्षांच्या निवडणुका त्यात नव्हत्या. बाहेरच्या माणसाने तोच शब्द ऐकला की त्याला आपल्या ओळखीची लोकशाही दिसणार, हे उघड आहे. म्हणून कुठलाही राजनैतिक अहवाल वाचताना विचारा: हा शब्द बोलणाऱ्याचा, दुभाष्याचा की लिहिणाऱ्याचा? आणि अहवाल कोणासाठी लिहिला? राजधानीतल्या वरिष्ठांना काय ऐकायचंय, याचा अंदाज लिहिणाऱ्याला असतोच ना!

आता दुसरा स्रोत शेजारी ठेवा. 1989 मध्ये पदावरून काढलेल्या झाओंनी नजरकैदेत गुपचूप कॅसेटवर आठवणी रेकॉर्ड केल्या. त्यांचा मृत्यू 2005 मध्ये झाला आणि त्या आठवणी 2009 मध्ये पुस्तकरूपात आल्या. आपली बाजू मांडायचा हेतू त्यांचाही होता, हे धरून चला. त्यात ते म्हणतात की पाश्चात्त्य धर्तीची संसदीय लोकशाहीच जास्त टिकाऊ आहे. म्हणजे एकाच माणसासाठीही 'राजकीय सुधारणा' याचा अर्थ 1987 नंतर बदलला. त्यामुळे 1987 चं भाषण समजावायला या आठवणी वापरत असाल, तर मार्गदर्शक पहिला प्रश्न त्याच तारखांवर विचारतील.