शब्द एक, अर्थ दोन : सौदा करण्यापूर्वी एवढे पाहा

व्यापार जबानीवर चालतो, असे आपले वडीलधारे सांगत आले. ते खरेच आहे. परंतु जबान देणाऱ्याने शब्दाचा एक अर्थ धरला आणि घेणाऱ्याने दुसरा, तर दोघेही प्रामाणिक असून तंटा उभा राहतो. आमच्या पाहण्यात बाजारातले कितीतरी तंटे लबाडीतून नव्हे, तर अशा दोन अर्थांच्या शब्दांतून निर्माण झालेले असतात.

हिंगोली भागाला हा अनुभव नवा नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोलीत लष्करी छावणी होती. त्या काळी येथे ‘रुपया’ हा साधा शब्दही दोन अर्थांचा होता. एक निजाम सरकारचा हाली सिक्का आणि दुसरा इंग्रजी अमलाचा कलदार. १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा हिशेब असे. थोडक्यात ७ हाली म्हणजे ६ कलदार. विदर्भातला व्यापारी ‘हजार रुपये’ म्हणाला तर तो कलदार समजे, आणि इकडचा हाली. ज्याने कलदार समजून माल दिला आणि हाली घेतले, त्याच्या हजारात १४३ कलदारांची खोट आली. म्हणून जुने सावकार कागदावर ‘रुपये’ एवढेच न लिहिता ‘हाली’ किंवा ‘कलदार’ हा शब्द जोडीत. हाली सिक्का १९५९ साली कायमचा बाद झाला, पण ती लिहिण्याची सवय मात्र आजही कामाची आहे.

वजनाची कथाही तीच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत. मद्रासचा २५ पौंडांचा. बंगालचा मण ४० शेरांचा, सुमारे ३७ किलो. १९५६ च्या कायद्याने किलो-क्विंटल आले आणि हा गोंधळ पुष्कळ मिटला, तरी सगळा मिटला नाही. ‘खंडी’ हाच शब्द घ्या. धान्याची खंडी २० मणांची. शेळ्या-मेंढ्या मोजताना खंडी म्हणजे २० नग. आणि रुईच्या बाजारात आजही जी खंडी बोलली जाते ती ३५६ किलोची. बांधकामातही पाहा. वाळूची ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर गिलाव्याची ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. नवा गवंडी आणि नवा घरमालक यांच्यात मजुरीवरून वाद होतो तो बहुधा येथेच.

उधारीच्या वायद्यातही हेच घडते. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, उर्दूत दोन्हींसाठी ‘कल’. मराठीत ‘परवा’ म्हणजे मोजून दोन दिवस, पण हैदराबादी बोलीत ‘परसों’ म्हणजे मागचे काही दिवस किंवा काही महिनेसुद्धा. ‘परसोंच तो दिए थे’ असे गिऱ्हाईक म्हणाले, तर दुकानदाराने वही कोणत्या पानावर उघडावी?

आता कोणी म्हणेल, आपल्या बोली अनेक, म्हणून हा घोळ. इंग्रजीत काम केले की सगळे स्पष्ट होते. बांधवांनो, हा मोठा भ्रम आहे. इंग्रजी बोलणारे देशही एका शब्दाचे वेगवेगळे अर्थ करतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बैठकीत एक मुद्दा ‘टेबल’ करण्यावरून लांबलचक वाद झाला, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. इंग्रजांच्या भाषेत त्याचा अर्थ मुद्दा ताबडतोब चर्चेला घेणे, अमेरिकनांच्या भाषेत तो बाजूला ठेवणे. दोघांनाही हवे होते एकच, पण भांडण झाले ते शब्दावरून.

आपल्या कारागिरांच्या कामाचे शब्द पाहू. शिंपीकाम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ‘वेस्ट’ म्हणजे इंग्लंडमध्ये आतले बनियन, तर अमेरिकेत आपली सदरी किंवा जाकीट. ‘पॅन्ट्स’ अमेरिकेत आपल्यासारखीच पॅन्ट, इंग्लंडमध्ये मात्र आतली चड्डी. चपला-बूट बनविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पुरुषांचा इंग्रजी ८ नंबर अमेरिकेत साधारण ९ होतो. फरशी, वायरिंग, रंगकाम करणाऱ्यांसाठी ‘फर्स्ट फ्लोअर’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये तो जमिनीवरचा मजला सोडून त्यावरचा. अमेरिकन माणूस जमिनीच्या मजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतो. परदेशी कामाला गेलेल्या कारागिराने भलत्याच मजल्यावर फरशी बसविली, तर उखडण्याचा खर्च कोणाच्या माथी?

हळदवाल्यांनी ‘टन’ शब्दापाशी थांबावे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलण्याचे प्रसंग वाढणार आहेत. आपला टन १,००० किलोचा. इंग्रजांचा जुना टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलो. अमेरिकेचा टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. अमेरिकन टनाच्या भावात आपला टन मोजून दिला, तर दर टनामागे ९३ किलो, जवळजवळ एक क्विंटल हळद फुकट गेली.

तारखेचेही तसेच. ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. माल पोचविण्याच्या कागदावर एवढ्या फरकाने महिना चुकतो. आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर तर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही. आपल्या ‘पुढच्या शुक्रवारी’ या शब्दाचीही तीच गत.

मग करावे काय? उपाय सोपे आहेत.

१) वजन किलोत, कापड मीटरमध्ये, बांधकाम घनफूट की चौरस फूट हे स्पष्ट लिहावे. टन, खंडी, ब्रास लिहिलेच, तर त्यापुढे आकडा द्यावा.

२) तारीख लिहिताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. ‘पुढच्या शुक्रवारी’, ‘परवा’ असे वायदे न करता तारीख सांगावी.

३) कपडा किंवा बूट असेल तर नमुना अथवा फोटो आणि इंचातील माप सोबत ठेवावे. मजला असेल तर ‘जमिनीचा’, ‘त्यावरचा’ असे सांगावे.

४) सौदा ठरला की समोरच्याकडून तो त्याच्या शब्दांत पुन्हा वदवून घ्यावा. यात अपमान कोणाचाच नाही.

मुदतीची देणी-घेणी लिहून ठेवावीत, ही शिकवण सूरह बकरातील २८२ व्या आयतीतून आपल्याला मिळालेलीच आहे, आणि तेथेही मुदत ठरलेली असण्यावर भर आहे. लिहिणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्याच्याशी पंचवीस वर्षांचा व्यवहार आहे, त्याच्याशी तर आवर्जून लिहावे. पैशाची खोट पुढच्या हंगामात भरून निघते. एका शब्दापायी तुटलेला गिऱ्हाईक परत येईलच असे नाही.